डाळिंब आणि अंजीर : जात निवडताना

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्वारीचे बियाणे चुकले तर एक हंगाम हातचा जातो. फळझाडाची जात चुकली तर ती चूक तिसऱ्या वर्षी, पहिले फळ हाती आल्यावर उमगते. तोवर खड्डे, कलमे, ठिबक संच, खते आणि मजुरी यांवर केलेला सारा खर्च जमिनीत गेलेला असतो. झाडे उपटावीत तर तीन वर्षे वाया जातात आणि ठेवावीत तर पुढील दहा-पंधरा वर्षे तेच फळ घेऊन बाजारात उभे राहावे लागते. आपल्या राज्यातील अवर्षणप्रवण तालुक्यांत डाळिंबाने आणि काही गावांत अंजिराने संसार उभे केले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. याच फळांनी काही संसार कर्जात बुडवले, हे मात्र तितक्या मोकळेपणाने सांगितले जात नाही. अशा बुडालेल्या बागांची चौकशी केली तर पुष्कळदा असे आढळते, की लागवडीपूर्वी कोणी जमीन पाहिली नव्हती, विहिरीचे पाणी मोजले नव्हते. पाहिला होता तो केवळ शेजाऱ्याला गेल्या वर्षी मिळालेला भाव.

‘चांगली जात कोणती?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कोणाच्या जमिनीत, कोणत्या महिन्यातील पाण्यावर आणि किती अंतरावरील बाजारासाठी, हे कळल्याखेरीज जातीचे नाव सांगणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध लिहून देणे होय.

प्रथम डाळिंबाचा विचार करू. इराण आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हे या फळाचे मूळ स्थान मानले जाते. आपल्याकडे ते फार पूर्वीपासून आहे. परंतु जुन्या काळी डाळिंब म्हटले की आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचे फळ, अशीच त्याची ओळख होती. आळंदी, मस्कत, ढोलका या जुन्या जाती. त्यांतील काहींचा रस चांगला, तर काहींचा दाणा देखणा. पण दाण्यातील बी कठीण असल्याने खाणाऱ्याला चोथा थुंकावा लागे. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानात डॉ. चीमा यांनी आळंदी जातीच्या बियांपासून रोपे वाढवली आणि त्या रोपांतून मऊ बियांचे एक झाड १९३६ साली निवडले. प्रारंभी त्या निवडीला उद्यानाच्या नावावरून ‘जी. बी. जी. १’ असे रुक्ष नाव होते. १९७० साली तिचे ‘गणेश’ असे नामकरण झाले. फळ मोठे, दाणा फिकट गुलाबी, बी मऊ आणि झाड भरघोस उत्पन्न देणारे. महाराष्ट्रात डाळिंबाची शेती व्यापारी प्रमाणावर उभी राहिली ती या एका झाडाच्या संततीवर. बियांपासून वाढवलेल्या रोपांमध्ये प्रत्येक रोप वेगळे निघते. संशोधकाला हा भेद वरदान ठरला. बागायतदाराला तोच शाप ठरतो. म्हणून बाग लावताना डाळिंबाचे बी कधीही पेरू नये, गुटी कलमच लावावे.

गणेश जातीला एकच उणेपणा होता, तो रंगाचा. परदेशी बाजारपेठ आणि मागोमाग आपली शहरेही लाल दाणा मागू लागली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गणेश आणि ‘गुल-ए-शाह’ ही लाल दाण्याची रशियन जात यांचा संकर केला. त्या संकराच्या संततीतून १९९४ साली ‘मृदुला’ आणि पुढे २००३-०४ च्या सुमारास ‘आरक्ता’ व ‘भगवा’ या जाती प्रसारित झाल्या. मृदुला आणि आरक्ता यांचे दाणे गडद लाल व बी मऊ, पण फळ आकाराने लहान. भगव्याचे फळ मोठे, साल जाड व चकचकीत केशरी-लाल. दूरच्या प्रवासात ते टिकते आणि फळावरील डागांना व फुलकिडीला तुलनेने कमी बळी पडते. व्यापाऱ्याला याहून अधिक काय हवे असते? पाहता पाहता सांगोला, पंढरपूर, आटपाडी, मालेगाव, सटाणा, देवळा या भागांत भगव्याने इतर जातींना मागे सारले.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे भाग आहे. हीच भगवा जात कोठे ‘शेंदरी’, कोठे ‘केशर’, कोठे ‘अष्टगंधा’, तर कोठे ‘मस्तानी’ या नावाने विकली जाते. नाव नवे म्हणून जात नवी, असा समज करून घेऊन चढ्या दराने कलमे घेणारे शेतकरी आजही भेटतात. एखादा विक्रेता नवे नाव सांगू लागला तर ती जात कोणत्या विद्यापीठाने किंवा संशोधन केंद्राने, कोणत्या वर्षी प्रसारित केली, एवढा एकच प्रश्न त्याला विचारावा. उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवावेत.

भगव्याच्या यशात एक अडचणही दडलेली आहे आणि ती जातीच्या निवडीशी निगडित आहे. आरक्ताचे फळ फुलापासून सुमारे सव्वाचार महिन्यांत तयार होते, गणेशचे पाच महिन्यांत. भगव्याला मात्र सहा महिने लागतात. म्हणजे जात निवडताच आपण झाडावर फळ किती दिवस सांभाळायचे हेही ठरवून टाकतो. आता हे दिवस वर्षाच्या कोणत्या भागात येतात ते पाहा. डाळिंबाला वर्षभर फुले येऊ शकतात. म्हणून पाणी तोडून, झाडाला ताण देऊन, पानगळ घडवून बहार धरावा लागतो. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो. त्याला सारा उन्हाळा पाणी पुरवावे लागते, म्हणजे नेमके विहिरी तळाला जातात तेव्हा. आणि भगव्याची फळे पिकण्याच्या बेतात आली, की डोक्यावर आषाढाचा पाऊस उभा. मृग बहार पावसाच्या पाण्यावर साधतो, म्हणून टंचाईच्या गावांत तो लोकप्रिय आहे. मात्र फूल आणि कोवळे फळ ऐन दमट हवेत सापडतात. हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात धरला तर फळे कोरड्या हवेत वाढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर भावही बरा मिळतो. त्याची अट अशी, की पावसाळा संपताना जमिनीतील ओल लवकर ओसरली पाहिजे, नाहीतर झाडाला ताण बसत नाही. हलक्या, मुरमाड रानात हे साधते, भारी रानात साधत नाही. शिवाय हिवाळ्यापासून मार्चपर्यंत पाण्याची हमी हवी.

दमट हवेची एवढी चिंता का, याचे उत्तर ‘तेल्या’ या एका शब्दात आहे. पानांवर, फांद्यांवर व फळांवर तेलकट डाग पाडणारा आणि शेवटी फळ तडकवणारा हा जिवाणूजन्य रोग आपल्या देशात प्रथम १९५२ साली दिल्लीत नोंदला गेला. अर्धशतकभर त्याची फारशी दखल घेण्याचे कारण पडले नाही. २००० नंतरच्या दशकात मात्र त्याने महाराष्ट्र व कर्नाटकात असा कहर केला, की तालुकेच्या तालुके हवालदिल झाले. उभ्या बागा तोडून सरपण करण्याची वेळ आली. या रोगाला मुळीच बळी न पडणारी व्यापारी जात अद्याप हाती आलेली नाही. ज्या गावात तेल्या ठाण मांडून बसला आहे तेथे कोणती जात लावावी, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की जात बदलून सुटका होणार नाही. बहार बदलावा लागेल, आणि बहार बदलण्यासाठी रान व पाणी अनुकूल नसेल तर डाळिंब न लावण्याचाही विचार करावा लागेल. हे उत्तर ऐकायला कडू आहे, तरीही ते लागवडीपूर्वी दिलेले बरे.

सोलापूर येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे निर्माण झालेली ‘सोलापूर लाल’ ही संकरित जात २०१७ साली प्रसारित झाली. तिच्या दाण्यांत लोह, जस्त आणि ‘क’ जीवनसत्त्व अधिक असते. कुपोषणाच्या प्रश्नाशी रोज गाठ पडणाऱ्या शिक्षकांनी व अंगणवाडीच्या कार्यकर्त्यांनी या जातीची माहिती अवश्य करून घ्यावी. राहुरीच्या विद्यापीठाने ‘फुले भगवा सुपर’ ही निवड २०१३ साली दिली. ती भगव्यापेक्षा थोडी लवकर तयार होते.

जमिनीविषयी थोडक्यात. डाळिंब हलक्या ते मध्यम, निचऱ्याच्या जमिनीत सुखाने वाढते. काळ्या भारी जमिनीत झाड डौलदार दिसते आणि पाहणारा फसतो. मुळाशी पाणी साचते, मर रोग शिरतो व फळाला रंगही चढत नाही. ऊस निघाला म्हणून त्याच चिबड रानात डाळिंब लावण्याचा मोह ज्यांना झाला, त्यांचा अनुभव विचारून घ्यावा.

आता अंजिराकडे वळू. अंजीर हा आपल्या उंबराचा सख्खा भाऊ. एखादा माणूस फार दिवसांनी भेटला तर ‘उंबराचे फूल झालात’ असे आपण म्हणतो. उंबराचे फूल दिसत नाही याचे कारण ते बाहेर नसतेच. ज्याला आपण फळ म्हणतो त्या पिशवीच्या आत शेकडो बारीक फुले दडलेली असतात. अंजिराचेही तसेच. उंबर फोडले की आतून केंबरे उडतात, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. ही केंबरे म्हणजे घाण नव्हे; उंबराचे परागीकरण करणारी चिलटे त्यांतच असतात. शाळेत निसर्गाचा पाठ घेताना याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

या चिलटाचा आणि जातीच्या निवडीचा फार जवळचा संबंध आहे. अंजिराच्या काही जातींना फळ धरण्यासाठी परागीकरण लागतच नाही. काहींना मात्र ते अनिवार्य असते. तुर्कस्तानातील स्मर्ना प्रकारची अंजिरे दुसऱ्या प्रकारात मोडतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १८८० नंतरच्या दशकात मोठ्या उमेदीने स्मर्ना अंजिरांची लागवड झाली. झाडे वाढली, फळेही दिसू लागली आणि पिकण्यापूर्वीच गळून पडू लागली. तुर्की शेतकरी नर अंजिराची फळे झाडांना टांगतात, त्यातून बारीक कीटक निघून मादी फळांत शिरतात, ही माहिती अनेकांनी अडाणी समजूत म्हणून हसण्यावारी नेली. अखेर १८९९ साली तो कीटक तेथे यशस्वीपणे वसवण्यात आला, तेव्हा कोठे अंजिरे पिकू लागली. शिकल्यासवरल्या लोकांनी शेतकऱ्याचा अनुभव झिडकारला की त्याची किंमत कशी मोजावी लागते, याचे हे उदाहरण कृषी खात्याच्या प्रत्येक कार्यालयात सांगितले गेले पाहिजे.

आपल्याकडील पुणे अंजीर सुदैवाने परागीकरणाविना फळ देते. म्हणूनच बाजारातील परदेशी सुक्या अंजिराच्या बिया पेरून बाग करण्याचा विचार कोणी करू नये. रोपे येतील, पण त्यांतील बरीचशी नर निघतील आणि उरलेल्यांची फळे आपल्या हवेत टिकतीलच याची शाश्वती नाही. अंजिराची लागवड फाटे कलमाने, म्हणजे पक्व फांदीचे तुकडे लावूनच होते.

पुरंदर तालुक्यातील सासवड, दिवे, राजेवाडी या परिसराने अंजिरात नाव मिळवले ते कऱ्हेच्या खोऱ्यातील कोरड्या हवेमुळे, मुरमावर बसलेल्या मध्यम जमिनीमुळे आणि तेथील बागायतदारांच्या हातोटीमुळे. फांदीवरील डोळ्याच्या वर लहानशी खाच घेऊन तो डोळा फुटायला लावण्याची तेथील रीत आजही पाहण्यासारखी आहे. त्या भागात दोन बहार घेतात. पावसाळ्याच्या प्रारंभी छाटणी करून धरलेला तो खट्टा बहार. त्याची फळे हिवाळ्यात येतात आणि नावाप्रमाणेच गोडीला उणी असतात, तरी तेव्हा बाजारात अंजीर कमी असल्याने भाव मिळतो. पावसाळा सरताना धरलेल्या मिठा बहाराची फळे उन्हाळ्याच्या सुरुवातीस येतात आणि खरी चव त्यांची. खट्टा बहार घेणाऱ्याने पावसाळ्यातील तांबेरा रोगाशी झुंजण्याची तयारी ठेवली पाहिजे. पाने गळाली की फळ पोसत नाही.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यांतूनही ‘पुरंदरचे कलम’ मागितले जाऊ लागले. कलम आणता येते. त्याबरोबर कऱ्हेचे खोरे आणता येत नाही, आणि मानांकन तर मुळीच नाही. इतरत्र पिकलेले फळ त्या नावाने विकणे गैर आहे, हेही लक्षात असू द्यावे. छत्रपती संभाजीनगरजवळील दौलताबाद हा अंजिराचा दुसरा जुना परिसर. तेथील स्थानिक अंजिरातून ‘दिनकर’ ही अधिक उत्पन्नाची निवड पुढे आली. पुरंदर तालुक्यातच जाधववाडी येथे कृषी विद्यापीठाचा अंजीर व सीताफळ संशोधन प्रकल्प आहे. लागवडीचा विचार करणाऱ्याने तेथे एक दिवस जाऊन यावे आणि ‘फुले राजेवाडी’ या जातीविषयी तेथेच विचारावे.

पुणे अंजीर पातळ सालीचे, फिकट जांभळे, आतून गुलाबी, ताजे खाण्याचे फळ. पहाटे तोडावे, त्याच्याच पानांवर मांडावे आणि त्याच दिवशी बाजार गाठावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते हातात धरवत नाही. ज्या गावापासून मोठे शहर काही तासांच्या अंतरावर नाही तेथे एकरांनी अंजीर लावणे हे धाडस होय. तेथे डाळिंबच बरे, कारण भगव्याचे फळ योग्य हाताळणीने आठवडेच्या आठवडे टिकते. सुकवण्याचा उद्योग करायचा असेल तर पुणे अंजिराऐवजी ‘डायना’सारख्या मोठ्या, गोड फळाच्या जातीचा विचार करावा लागतो. मात्र वाळवणीच्या दिवसांत आकाश निरभ्र हवे. कोकणात दोन्ही फळांच्या नादी लागू नये. तेथील दमट हवा त्यांना मानवत नाही.

परसबाग व शाळेची बाग यांचा हिशेब वेगळा आहे. तेथे साल जाड आहे की पातळ, फळ जहाजात टिकते की नाही, याला महत्त्व नाही. मुलांच्या दाताखाली बी येऊ नये, झाड काटक असावे आणि फळे एकदम न येता हळूहळू यावीत, एवढेच पाहायचे. त्या दृष्टीने जुना गणेश आजही घराच्या अंगणाला शोभतो. बाजाराने त्याला मागे टाकले म्हणून अंगणातून हद्दपार करण्याचे कारण नाही. अंजिराचे एखादे झाड न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ चांगले पोसते, परंतु पाणी तुंबता कामा नये. त्याची फळे एकेक करून पिकतात, म्हणजे रोज चार मुलांच्या वाट्याला काही ना काही येते. पाखरांपासून राखण्यासाठी फळांना कापडी पिशव्या बांधाव्यात. कच्च्या अंजिराचा चीक हाताला व ओठांना झोंबतो, याची मुलांना आधीच कल्पना द्यावी.

मात्र जेथे आसपास डाळिंबाच्या बागा आहेत तेथे अंगणातील एका झुडपाचीही जबाबदारी मोठी आहे. कोणी फवारत नाही, कोणी छाटत नाही, अशा दुर्लक्षित झाडावर तेल्या वर्षभर मुक्काम करतो आणि पहिल्या वादळी पावसाबरोबर शेजारच्या बागेत उतरतो. हा एकट्या मालकाचा प्रश्न राहत नाही, गावाचा होतो. छाटलेल्या रोगट फांद्या बांधावर किंवा ओढ्यात न टाकता जाळाव्यात, छाटणीच्या कात्र्या एका बागेतून दुसरीत नेताना जंतुनाशक द्रावणात बुडवाव्यात, सोडून दिलेल्या बागा काढून टाकाव्यात, असे निर्णय ग्रामसभेत एकमताने झाले तरच त्यांना अर्थ आहे. छाटणीच्या टोळ्या गावोगाव फिरतात, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा रोपवाटिकेचा. महाराष्ट्रात फळरोपांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९६९ सालापासून आहे आणि रोपवाटिकेला परवाना आवश्यक आहे. तरीही टेम्पोत भरून आठवडी बाजारात आणलेली कलमे लोक स्वस्तात घेतात. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली, २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. या योजनांनी पडीक रानांवर हिरवळ आणली यात शंका नाही. परंतु अनुदानाचा हप्ता देताना जिवंत झाडे मोजली जातात. झाड मागितलेल्याच जातीचे आहे काय, हे मोजणीच्या कागदावर दिसत नाही. ती खात्री मालकालाच खरेदीच्या वेळी करून घ्यावी लागते. पावतीवर जातीचे नाव, रोपवाटिकेचा परवाना क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी व ती पावती पहिले फळ येईपर्यंत जपून ठेवावी. शक्य तर ज्या मातृवृक्षांवरून गुट्या बांधल्या ती बाग फळे असताना पाहून यावी.

कलमांची मागणी लागवडीच्या आदल्या हिवाळ्यातच नोंदवावी. चांगल्या रोपवाटिकांत जून उजाडेपर्यंत कलमे उरत नाहीत, उरतात ती इतरांनी नाकारलेली. खड्डे उन्हाळ्यात काढून उन्हात तापू द्यावेत. कलमांची गाडी गावात आली की उतरवण्यापूर्वी दहा-वीस कलमे निरनिराळ्या कोपऱ्यांतून काढून उजेडात धरावीत, पाने उलटसुलट करून पाहावीत, खोडावर बोट फिरवावे. पानावर तेलकट, पाणी शोषल्यासारखा ठिपका किंवा खोडावर काळसर चीर आढळली, मग ती एकाच कलमावर का असेना, तर त्यातील बरी कलमे निवडून घेण्याच्या भानगडीत न पडता सगळी गाडी तशीच परत पाठवावी.